ट्रेलर कुठल्या कंपनीचा घ्यावा? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही नेपरविलला राहतो. मी, नवरा आणि नऊ व सहा वर्षांच्या दोन मुली. गाडी टोयोटा हायलँडर, हायब्रिड नाही. तंबूत पाऊस आला की सगळ्यांचे हाल होतात, म्हणून आता ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घ्यायचं ठरलंय. उन्हाळ्यात शनिवार-रविवार मिशिगनमधल्या तळ्यांवर, आणि एकदा तरी यलोस्टोन, एवढाच बेत आहे. तीन ठिकाणी फिरून आलो. एक डीलर म्हणतो जेको घ्या, दुसरा म्हणतो रॉकवूड, आणि नवऱ्याचा मित्र म्हणतो एअरस्ट्रीम नसेल तर घेऊच नका. किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बांधणी खरोखर कुणाची चांगली, ते एकदा स्पष्ट सांगाल का?
– एक वाचक, नेपरविल

उत्तर : नुसत्या नावावर जाऊ नका. या धंद्यात नावं ढीगभर आणि मालक मोजके आहेत. थॉर इंडस्ट्रीज १९८० साली सुरू झाली तीच मुळी एअरस्ट्रीम विकत घेऊन. २०१६ मध्ये जेकोही तिच्याकडे आली. कीस्टोन, हार्टलँड, डचमेन याही तिच्याच. म्हणजे पहिल्या डीलरने सुचवलेली कंपनी आणि नवऱ्याच्या मित्राची लाडकी कंपनी, दोन्ही एकाच घरच्या. रॉकवूड बनवते फॉरेस्ट रिव्हर, आणि ती २००५ पासून बर्कशायर हॅथवेच्या मालकीची आहे. तिसरी मोठी विनेबागो. ग्रँड डिझाइन २०१६ पासून तिची. तुम्ही डीलरच्या आवारात जे ट्रेलर पाहिलेत, त्यांतले बहुतेक या तिघींपैकी कुणाचे तरी असणार.

बरं, मालक वेगळे असले तरी माल कुठून येतो तेही बघा. मी इंडियानातल्या साउथ बेंडला राहते. इथून पूर्वेला थोडं गेलं की एल्कहार्ट, गोशेन, मिडलबरी, नॅपनी ही गावं लागतात, आणि अमेरिकेतल्या आरव्हींचा, म्हणजे ट्रेलरसकट सगळ्या फिरत्या घरांचा, फार मोठा हिस्सा याच पट्ट्यात तयार होतो. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या ट्रेलरखाली वाकून बघितलंत तर चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीवर, बहुतेक वेळा लिपर्टचंच नाव सापडेल. ॲक्सल लिपर्टचे नाहीतर डेक्स्टरचे. आत फ्रिज, शेगडी, एसी याही त्याच चार-पाच पुरवठादारांच्या वस्तू. ओरेगनमधल्या ला ग्रँडची नॉर्थवूड आपली चासी स्वतः बनवते, आणि तेवढ्यासाठी मला तिच्याबद्दल आदर आहे. पण तिचे ट्रेलर जड असतात, तुमच्या गाडीला झेपणारे नाहीत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकाच कंपनीत वेगवेगळ्या प्रतीचे ट्रेलर बनतात. जेकोचा जे फ्लाइट लाकडी सांगाड्याचा, वरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. जेकोचाच जे फेदर चिकटवलेल्या सपाट भिंतींचा. फॉरेस्ट रिव्हरचे सेलम आणि वाइल्डवूड हे जुळे भाऊ, पहिल्या प्रकारचे. रॉकवूड आणि फ्लॅगस्टाफ हेही जुळेच, पण बांधणीत वरचे. म्हणून ‘जेको चांगली की फॉरेस्ट रिव्हर’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठलं मॉडेल? आणि भिंत कशाची?

भिंतीचंच जरा सविस्तर सांगते, कारण बांधणीतला खरा फरक तिथे आहे. सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, मध्ये काचेची लोकर, बाहेरून पत्रा. लोक याला नाकं मुरडतात. पण तो दुरुस्तीला सोपा असतो. पत्रा सोडवायचा, कुजलेली पट्टी काढायची, नवी बसवायची. दुसरा प्रकार चिकटवलेल्या भिंतीचा. ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांची चौकट, मध्ये फोम, दोन्ही बाजूंनी पातळ फळी, बाहेरच्या फळीवर फायबरग्लासचा गुळगुळीत थर, आणि हे सगळं दाबाखाली एकजीव केलेलं. दिसायला देखणी, वजनाला हलकी. पण ती फळी लुआनची, म्हणजे पातळ प्लायवूडची असेल, तर पाणी शिरल्यावर थर सुटतो आणि भिंतीला फुगे येतात. मग ठिगळ लावून भागत नाही, अख्खी भिंत बदलायची वेळ येते आणि खर्च डोळे पांढरे करतो. त्या फळीच्या जागी ॲझडेल नावाचं प्लास्टिक आणि काचतंतूंचं पॅनेल असेल, तर ते पाणी पीत नाही आणि कुजतही नाही. विक्रेता ‘ॲझडेल आहे’ म्हणाला की लगेच विचारा : फक्त बाहेरून, की आतूनही? आणि छताखाली, जमिनीत काय आहे? तिथे लाकूड असू शकतं. उरलेले दोन प्रकार, एअरस्ट्रीमचा आणि साच्यातल्या फायबरग्लासचा, त्यांचं पुढच्या उत्तरात येईल.

माझी सारी नोकरी गाड्यांच्या प्लास्टिक पॅनेलांच्या तपासणीत गेली. त्या अनुभवावरून ठामपणे सांगते, ट्रेलर मरतो तो पाण्याने. शेगडी बिघडली तर नवी येते, ड्रॉवरची पट्टी तुटली तर दहा मिनिटांचं काम. ओल मात्र आतल्या आत वर्षानुवर्षं खात राहते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने चार वर्षांपूर्वी नवा ट्रेलर घेतला होता. कंपनीचं नाव मी इथे देत नाही. पुढच्या पलंगाखाली कुबट वास येतो म्हणून त्यांनी मला बोलावलं. गादी उचलली, खालचा ड्रॉवर बाहेर काढला आणि कोपऱ्यातल्या प्लायवूडवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला. जोर लावावाच लागला नाही, पातं मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर येऊन बघितलं तर पुढच्या दिव्याच्या वर सीलंटची, म्हणजे सांध्यावरच्या पाणी अडवणाऱ्या लेपाची, रेघ बोटभर जागी तुटलेली होती. तेवढ्या फटीतून चार पावसाळे आत गेले होते.

पाणी सपाट भिंतीतून येत नाही. सांधा, खिडकी, दिवा, छतावरची झरोक्याची चौकट, अशा जागांतून येतं. तुम्ही वापरलेला ट्रेलर बघायला जाल तेव्हा कोपऱ्यावरची उभी ॲल्युमिनियमची पट्टी शोधा. तिच्या मधोमध विनाइलची चपटी फीत असते. मालकाला विचारून ती फीत खालच्या टोकाशी चार इंच उचला आणि मागच्या स्क्रूंची डोकी बघा. चकचकीत असतील तर उत्तम. गंजून तांबडी झाली असतील तर पाणी तिथवर पोचलंय, पुढे कुठवर गेलंय ते शोधायचं. मग सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, भिंतीला गाल लावल्यासारखं उभं राहून लांबीच्या दिशेने नजर टाका. फुगे भर दुपारी दिसत नाहीत, तेव्हा दिसतात. आत शिरल्यावर वरची कपाटं उघडून कोपऱ्यांत तळहात दाबा. वीस-तीस डॉलरचा ओल मोजायचा मीटर जवळ ठेवा. लाकडात वीस टक्क्यांच्या वर आकडा गेला की कूज धरायला वाव मिळतो. फक्त ॲल्युमिनियमच्या नळीजवळ मीटर उगाच मोठा आकडा दाखवू शकतो, म्हणून एकाच भिंतीवर चार ठिकाणी लावून बघा.

हे का होतं, असं तुम्ही विचाराल. कारागीर वाईट आहेत म्हणून मुळीच नाही. इथल्या कारखान्यांत कितीतरी आमिश पंथाची माणसं काम करतात आणि लाकडावर त्यांचा हात बसलेला असतो. अडचण वेगाची आहे. बऱ्याच ठिकाणी मजुरी नगावर असते. पहाटे सुरू झालेली पाळी दिवसाचे नग पुरे झाले की दुपारी लवकरच सुटते. अशा घाईत तुटलेली रेघ पुन्हा ओढायला कुणी थांबत नाही. २०२१ मध्ये, कोविडच्या मागणीच्या लाटेत, ६,००,२४० आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या. २०२३ मध्ये तोच आकडा ३,१३,१७४ वर आला. त्या लाटेत बाजारात सुटे भाग मिळत नव्हते आणि नवखे हात कामाला घेतले जात होते. म्हणून २०२१-२२ चा ट्रेलर समोर आला की मी तपासणीला दुप्पट वेळ देते, मग नाव कुठलंही असो.

आता तुमचं. हायलँडर ५,००० पौंड ओढते, पण तो भरलेल्या ट्रेलरचा आकडा आहे. माहितीपत्रकातलं वजन रिकाम्याचं असतं. नुसती ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली की ३३० पौंड वाढतात. त्यावर गॅसच्या टाक्या, बॅटरी, भांडी, मुलींच्या सायकली. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, येतो आणि तो गाडीत बसलेल्या तुम्हा चौघांच्या वजनात धरायचा असतो. हे गणित डीलर सहसा मांडून दाखवत नाहीत.

मी तुमच्या जागी असते तर रॉकवूड जिओ प्रो किंवा त्याचा जुळा फ्लॅगस्टाफ ई-प्रो, यांतला तीन-चार वर्षं वापरलेला आणि शेडमध्ये ठेवलेला ट्रेलर शोधला असता. भिंतीत ॲझडेल, खाली टॉर्शन ॲक्सल (रबरावर धक्के झेलणारा), वजन आवाक्यात. मुलींसाठी बंक (एकावर एक पलंग) असलेलं मॉडेल घेतलंत तर भरल्यावर ५,००० च्या काठावर जाल; तेव्हा टाकी रिकामी न्यायची आणि कॅम्पग्राउंडवर भरायची. वापरलेला म्हणते याचं कारण एवढंच की पहिल्या वर्षभरात निघणारी बारीकसारीक दुखणी आधीच्या मालकाने वॉरंटीत काढून घेतलेली असतात, आणि किमतीची मोठी घसरणही त्याच्याच खात्यावर पडलेली असते. लुआनची भिंत असलेला चकचकीत नवा ट्रेलर, केवळ आत फायरप्लेस आणि मोठा टीव्ही आहे म्हणून घेऊ नका. यलोस्टोनला जाताना बिगहॉर्नचे घाट चढू नका, आय-९० महामार्गावरून बिलिंग्ज, लिव्हिंग्स्टन असं जा आणि गार्डिनरच्या उत्तर दरवाजाने आत शिरा. लांब पडेल, पण गाडीच्या गिअरबॉक्सला सोसेल.

प्रश्न : नमस्कार. आम्ही दोघं फ्रीमाँटला असतो, यंदा निवृत्त झालो. मुलं मोठी झाली, फिरायला आता दोघंच. पैशांची तशी अडचण नाही, पण घेतलेली वस्तू पुढची पंधरा-वीस वर्षं टिकावी असं वाटतं. एअरस्ट्रीम आणि ऑलिव्हर या दोघांत मन अडकलंय. तुमचं मत काय?
– एक जोडपं, फ्रीमाँट

उत्तर : दोन्ही निवडी समजूतदार आहेत, तेव्हा उत्तर द्यायला मला मनापासून आनंद होतोय.

एअरस्ट्रीम ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला बनते. संस्थापक वॉली बायम यांनी १९३६ मध्ये क्लिपर हा ट्रेलर आणला, तेव्हापासून तत्त्व तेच : ॲल्युमिनियमच्या फासळ्यांवर आतून-बाहेरून ॲल्युमिनियमचे पत्रे, आणि ते रिव्हेटने जोडलेले. रिव्हेट हाताने मारतात. एक माणूस बाहेरून गन धरतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवून उभा असतो. कारखाना लोकांना दाखवतात, ओहायोकडे गेलात तर जरूर बघा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एअरस्ट्रीम आजही रस्त्यावर दिसतात, त्यामागे हीच बांधणी आहे. पण कवच टिकतं म्हणजे जमीनही टिकते असं धरू नका. जुन्या एअरस्ट्रीममध्ये जमीन प्लायवूडची असते आणि मागच्या बंपरपाशी, जिथे कवच जमिनीला मिळतं, तिथे पाणी मुरून ती कुजते. वापरलेली घेणार असाल तर पहिल्यांदा मागे जाऊन तो भाग तपासा. गारांचे पोचे कायमचे राहतात, आणि मोठा पत्रा बदलणं महाग पडतं.

ऑलिव्हर टेनेसीतल्या होहेनवाल्डची. साच्यात घडवलेलं फायबरग्लासचं एक कवच बाहेरून, तसंच दुसरं आतून, मध्ये उष्णता अडवणारा थर. आतल्या कवचातच कपाटं आणि पलंगांचे बैठे भाग घडवलेले असतात, त्यामुळे भिंतीत कुजायला लाकूडच नसतं. साच्यातल्या फायबरग्लासची ही सगळी जमात, म्हणजे मिनेसोटातली स्कॅम्प, टेक्सासमधली कसीटा, ब्रिटिश कोलंबियातल्या चिलिवॅकची एस्केप, मला फार आवडते. नारळाच्या दोन करवंट्या पुन्हा एकमेकींवर बसवाव्यात तसं कवच आडव्या रेषेत एकदाच जोडलेलं असतं. चार कोपऱ्यांच्या उभ्या पट्ट्या नाहीत, छताची कड नाही. पाण्याला शिरायला खिडक्या आणि छतावरची भोकं एवढ्याच जागा उरतात. वीस वर्षांची कसीटा आतून कोरडी निघालेली मी स्वतः हात लावून बघितली आहे.

माझा कौल ऑलिव्हरला. दोघांनाच राहायचंय, टिकाऊपणा हवाय, आणि तुम्ही पाच-पंचवीस डीलर फिरणारे दिसत नाही. त्यातली अडचणही सांगते : ऑलिव्हर अनेक वर्षं कारखान्यातूनच थेट विकली जायची, गल्लोगल्ली सर्व्हिस सेंटर नाही. २३ फुटी मॉडेल भरल्यावर ७,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे ‘हाफ-टन’ म्हणतात त्या वर्गातला पिकअप ट्रक लागेल. आणि आत उभं राहून, पलंगावर झोपून, न्हाणीघरात वळून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. एअरस्ट्रीमच्या मोठ्या खिडक्यांतून दिसणारा समुद्र ऑलिव्हरमध्ये तेवढा दिसत नाही. वहिनींना तोच हवा असेल, तर एअरस्ट्रीम घ्या आणि दरवर्षी मागचे सांधे तपासून घ्या. तीही पंधरा वर्षं आरामात साथ देईल.

प्रश्न : एडिसनजवळच्या डीलरने दारावरचा आरव्हीआयएचा शिक्का दाखवून सांगितलं की ही गुणवत्तेची हमी आहे. शिवाय ट्रेलर ‘फोर सीझन’ आहे, म्हणजे हिवाळ्यातही चालेल म्हणे. यावर विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आरव्हीआयए ही आरव्ही बनवणाऱ्यांची संघटना. शिक्का महत्त्वाचा आहे, पण तो सुरक्षेच्या नियमांचा. वायरिंग, गॅसची नळजोडणी, प्लंबिंग, आगीतून बाहेर पडायची वाट, हे ठरलेल्या संहितेनुसार केल्याचं कंपनी त्यातून सांगते. सीलंट नीट लावलंय का, दारं सरळ बसलीत का, याच्याशी त्याचा संबंध नाही. शिक्का नसलेला ट्रेलर मी घेणार नाही. शिक्का आहे म्हणून तपासणी सोडणारही नाही.

‘फोर सीझन’ हा जाहिरातीतला शब्द आहे, त्याला कायद्याने ठरवलेली कसोटी नाही. डीलरला विचारा की खालच्या टाक्या बंदिस्त आहेत का, त्यांच्यापर्यंत भट्टीची गरम हवा पोचते का, पाण्याचे नळ बाहेरच्या भिंतीलगत आहेत का, खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत का. उत्तरं तोंडी घेऊ नका, खाली वाकून बघा.

वॉरंटी मात्र नीट वाचा. बहुतेकांची वर्षभराची असते. जेको दोन वर्षं देते, एअरस्ट्रीम तीन, ग्रँड डिझाइन सांगाड्यापुरती तीन. फ्रिज, एसी, ॲक्सल यांच्या वॉरंट्या त्या त्या पुरवठादाराच्या, वेगळ्या. आणि मोटारींसाठीचे ‘लेमन लॉ’, म्हणजे सदोष नव्या गाडीबद्दल गिऱ्हाइकाला संरक्षण देणारे कायदे, अनेक राज्यांत ओढायच्या ट्रेलरला लागू होत नाहीत, तेव्हा सही करण्याआधी आपल्या राज्याचा कायदा बघून घ्या. सर्व्हिससाठी किती आठवडे थांबावं लागतं, हे डीलरच्या विक्री विभागाला न विचारता तिथे गाडी सोडायला आलेल्या गिऱ्हाइकांना विचारा.

प्रश्न : ताई, ट्रेलर घेऊन झाला! पुढच्या शनिवारी ताब्यात मिळणार. त्या दिवशी काय काय बघू?
– एक वाचक, ट्रॉय, मिशिगन

उत्तर : अभिनंदन! पहिलं काम, डीलरला आजच फोन करून सांगा की तीन-चार तास लागतील आणि ट्रेलरला पाणी, वीज, गॅस तिन्ही जोडून ठेवा. अर्ध्या तासात किल्ल्या हातात देणाऱ्याला नम्रपणे थांबवायचं. जमत असेल तर स्वतंत्र प्रमाणित आरव्ही तपासनीस बोलवा. पैसे लागतात, पण तो छतावर चढतो, आणि खरं बघायचं ते छतावरच असतं.

स्वतः बघणार असाल तर शिडी घेऊन जा. झरोके, अँटेना, पाइप यांच्याभोवतीचं सीलंट सलग आहे का, भेगा किंवा बुडबुडे आहेत का, फोटो काढा. खाली चासीच्या वेल्डिंगवरून टॉर्च फिरवा. नळ सगळे सोडा, मग बंद करून पंप चालू ठेवा. कुठलाही नळ उघडा नसताना पंप मधूनच गुरगुरला तर कुठेतरी गळतंय. सिंकखालच्या जोडावर कोरडा टिश्यू गुंडाळून ठेवा, गळत असेल तर तो ओला होईल. स्लाइड (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) असेल तर दोनदा आत-बाहेर करा आणि रबराची कड दुमडते का बघा. फ्रिज विजेवर आणि गॅसवर दोन्हीकडे चालतो म्हणाले असतील, तर आदल्या दिवशीच सुरू करून ठेवायला सांगा, नाहीतर गार होतो की नाही ते कळायचं नाही.

टायरच्या बाजूला डीओटीच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नव्या ट्रेलरवर दोन वर्षांपूर्वीचे टायर असतील तर बदलून मागा. व्हीआयएन, म्हणजे ट्रेलरचा ओळख क्रमांक, एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या रिकॉल यादीत (दोष निघाल्याने दुरुस्तीला परत बोलावलेल्यांच्या यादीत) टाका. काही निघालं तर ताब्यात घेण्याआधी दुरुस्त करून घ्या. जे जे खटकेल ते कागदावर लिहून त्यावर त्यांची सही घ्या, आणि तुमची शेवटची सही त्यानंतर. पहिली रात्र डीलरजवळच्या कॅम्पग्राउंडवर काढलीत तर सकाळी परत जाणं सोपं पडेल. घरी निघाल्यावर पन्नास मैलांवर थांबून चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, आणि शंभर मैलांवर आणखी एकदा.